तबकडीकाकांना विचारा: नोएल म्हणजे आपलं नाताळच की!

मागच्या अंकात शेवटी दोन-चार ओळी जागा उरली म्हणून मी सहज लिहून टाकलं होतं, की डिसेंबरात सकाळी पोह्यांबरोबर ऐकायला जोन बाएझ या अमेरिकन लोकगायिकेची 'नोएल' ही 1966 ची तबकडी फार छान. बस, एवढंच. एरवी अमुक गाणं 78 वर, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर, मिळेल का, तमुक संगीतकार इंदूरचे होते का, याच चौकशा असतात माझ्याकडे, या खेपेला मात्र निम्मी पत्रं त्या दोन ओळींवरच आली, एक तर चांगलंच रागावलेलं. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच देतोय, बाकीच्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरा.

प्रश्न: काका नमस्कार. स्नेहलतागंजातलं जुनं घर रिकामं करतोय, बिल्डरला द्यायचंय. माळ्यावर वडिलांची लोखंडी ट्रंक निघाली, त्यात वीस-बावीस तबकड्या. एक तुम्ही लिहिलेली तीच, नोएल. वडील महूला नोकरीला होते, तिथे कुणा साहेबाची बदली झाली की सामान विकायला निघायचं, त्यातनं घेतली असणार. चावीचा ग्रामोफोन पण आहे घरात, चालू आहे. त्यावर लावून बघू का? आणि विकली तर किती येतील? मुलगा म्हणतो लाखात जाईल. (निवृत्त वाचक, स्नेहलतागंज)

उत्तर: थांबा साहेब, हात लावू नका त्या चावीला! हे वाचेपर्यंत लावली नसेल तर देव पावला म्हणायचं. चावीचा ग्रामोफोन हा 78 च्या लाखेच्या तबकड्यांसाठी, त्याचा तो साउंडबॉक्स आणि पोलादी सुई मिळून शंभर ग्रॅमच्या वर वजन त्या खाचेवर पडतं. तुमची नोएल आहे लाँगप्ले, म्हणजे व्हिनाइल, मिनिटाला 33 आणि एक तृतीयांश फेरे, खाच केसासारखी बारीक, तिला दीड-दोन ग्रॅमची हिऱ्याची टोकदार पिन लागते. पोलादी सुई लावलीत तर गाणं ऐकू येण्याआधी नांगरटच ऐकू येईल. मला कसं माहीत विचाराल, तर कॉलेजात असताना मी हा पराक्रम मामाच्या घरी केलेला आहे. तबकडीतून काळा बारीक चुरा उडत होता आणि मी कान लावून बसलेलो, की आवाज का येत नाहीये. मामा त्यावर एक शब्द बोलला नाही, नुसता चुरा बोटावर घेऊन माझ्यासमोर धरला. अजून आठवतं.

तर आधी कुणाकडे बऱ्यापैकी टर्नटेबल आहे ते शोधा. 66 च्या सुमाराला बऱ्याच रेकॉर्ड मोनो आणि स्टिरिओ दोन्हीत निघायच्या, कव्हरवर लिहिलेलं असतं ते बघून घ्या, आजच्या स्टिरिओ पिनवर दोन्ही चालतात पण जुन्या मोनो पिनवर स्टिरिओ तबकडी लावू नये, भिंती खरवडल्या जातात. पुसायची असेल तर डिस्टिल्ड वॉटरमधे भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, आणि हात गोल गोल खाचेच्या दिशेनेच फिरवायचा, मधला कागदी लेबल कोरडा ठेवायचा. नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरने परत पुसायचं. आणि पुन्हा माळ्यावर आडवी टाकू नका हो, इंदूरचा मे महिना पत्र्याखाली काय असतो तुम्हाला सांगायला नको, तबकडीचं पापड होतं पापड. उभी ठेवा, पुस्तकासारखी.

आता लाखाचं. मुलाला सांगा चहा घे आणि शांत हो. ही तबकडी खूप खपली, पुन्हा पुन्हा निघाली, दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. किंमत आहे ती वडिलांनी महूहून सायकलवर की लोकलने की कशी आणली असेल त्याची, ती बाजारात कोणी देणार नाही. बाकीच्या वीस तबकड्यांची यादी पाठवा मात्र, त्यात जुनी हिंदी असली आणि ठेवायला जागा नसली तर अटालेवाल्याला किलोवर देण्यापेक्षा पिगडंबरला लताबाईंच्या नावाचं ग्रामोफोन रेकॉर्डचं संग्रहालय आहे, तिथे विचारून बघा.

एक गंमत सांगायची राहिली. 'नोएल' हा फ्रेंच शब्द, नाताळ या अर्थाचा, आणि तो आला लॅटिन 'नातालिस'वरून, जन्माचा या अर्थाने. आपलं 'नाताळ' आलं पोर्तुगीजांच्या 'नाताल'वरून, आणि तेही त्याच नातालिसचं. म्हणजे तुमच्या ट्रंकेत जी निघाली तिचं नाव सरळ मराठीत 'नाताळ'च आहे, फक्त दुसऱ्या रस्त्याने आलेलं.

प्रश्न: काका, मी एमए म्युझिक करतेय. तुम्ही तिला लोकगायिका म्हणता, पण मी ऐकलं तर त्यात फ्रेंच आहे, शास्त्रीय संगीतातलं शूबर्टचं 'आवे मारिया' आहे, मागे हार्पसिकॉर्ड, ते पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य, वाजतंय. हे लोकगीत कसं? लोकगीत म्हणजे आमची आजी माळव्यातल्या बायकांकडून शिकलेली ती. की परदेशातलं म्हटलं की गिटार दिसली तरी लोकगीत? (विद्यार्थिनी, सुदामा नगर)

उत्तर: बेटा, प्रश्न बरोबर जागी टोचलास. जोन बाएझ काही खेड्यात जात्यावर गात वाढलेली नाही. जन्म 1941 चा, वडील फिजिक्सचे प्रोफेसर, मूळचे मेक्सिकोतले, आई स्कॉटलंडमधे जन्मलेली, घर क्वेकर पंथाचं म्हणजे युद्धाच्या कडक विरोधातलं. 1959 च्या न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलमधे अठरा वर्षांची पोरगी उभी राहून गायली आणि झालं, पुढच्या वर्षी पहिली तबकडी. ती गात होती जुने इंग्रजी-स्कॉटिश पोवाडे म्हणा, बॅलड म्हणा, ते शिकली होती दुसऱ्या गायकांकडून आणि रेकॉर्डवरून. म्हणजे ती लोकगीतं 'गाणारी', त्यांच्यात 'जन्मलेली' नाही. त्या काळात तिकडे शहरातल्या पोरांनी हे जुनं गाणं उचलून घेतलं होतं, त्या लाटेतली ती.

आणि नोएलमधे तर तिने स्वतःची ती एकटी गिटारसुद्धा बाजूला ठेवलीय. संगीत योजना पीटर शिकलेची, हा माणूस दुसरीकडे पी. डी. क्यू. बाख या खोट्या संगीतकाराच्या नावाने शास्त्रीय संगीताची टिंगल करायचा, पण इथे एकदम सरळ बसून काम केलंय. रेकॉर्डर म्हणजे ती लाकडी बासरी, ल्यूट, हार्पसिकॉर्ड, व्हायोल, असली पाचशे वर्षांपूर्वीच्या मैफिलीतली मंडळी, मधे मधे नुसत्या वाद्यांचेही छोटे तुकडे. घंटा-घुंगरू-जिंगल काही नाही. पंचवीस वर्षांची होती ती तेव्हा, आणि आवाज इतका सरळ, वर चढतो तेव्हा हिवाळ्यात विहिरीतून पाणी काढल्यासारखा गार.

पण तू गाणी एकेक करून सोलून बघ, मग मजा आहे. 'गुड किंग वेन्सेस्लस' घे. शब्द 1853 चे, जॉन मेसन नील नावाच्या पाद्रीबाबांनी लिहिलेले, बर्फातून लाकूडफाटा नेणाऱ्या राजाची गोष्ट. चाल मात्र 1582 मधे छापलेल्या लॅटिन गाण्यांच्या पुस्तकातली आणि ते मूळ गाणं वसंतात फुलं उमलली त्याचं! म्हणजे थंडीत कुडकुडणाऱ्या राजाला वसंताची चाल. 'व्हॉट चाइल्ड इज धिस' घे, चाल 'ग्रीनस्लीव्ह्ज' या जुन्या प्रेमगीताची, शब्द विल्यम डिक्स यांनी 1865 मधे बसवले. आता सांग, आपल्या कॉलनीतली भजनी मंडळं काय वेगळं करतात? सिनेमाच्या चालीवर गणपती आणि गणपतीच्या चालीवर गजानन महाराज, सगळं चालू असतं. चाल एकाची शब्द दुसऱ्याचे आणि गाणारा तिसरा, ही लोकसंगीताची जुनी खोड आहे, इथली काय आणि तिथली काय.

सगळ्यात भारी गोष्ट 'आय वंडर अ‍ॅज आय वाँडर'ची. ऐकताना वाटतं हे हजार वर्षं जुनं, डोंगरातून आलेलं. जॉन जेकब नाइल्स नावाचे गाणी गोळा करणारे गृहस्थ 1933 च्या जुलैत नॉर्थ कॅरोलायनातल्या मर्फी गावी होते, तिथे एका धर्मप्रचारकांच्या सभेत मळक्या फाटक्या कपड्यातली एक मुलगी एक तुकडा गात होती. नाइल्सनी तिला परत म्हणायला लावलं, दर वेळी पाव डॉलर देऊन, आठ वेळा. आणि एवढ्या पैशात हातात काय आलं, तर तीन ओळी आणि चालीचा एक अर्धामुर्धा तुकडा. बाकी गाणं त्यांनी घरी बसून रचलं. नंतर लोकांनी ते पारंपरिक समजून गायला सुरुवात केली, तेव्हा ते सांगत सुटले की अरे हे माझं आहे! आता ठरव तू, हे लोकगीत की नाही?

तुला हे ऐकून कोणाची आठवण व्हायला हवी ते इंदूरच्या मुलीला सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. कुमार गंधर्व 1948 मधे टीबी झाला म्हणून देवासला येऊन राहिले, गाणं बंद, खाटेवर पडून कानावर येत राहिली ती माळव्यातल्या बायकांची गाणी. ती त्यांनी गोळा केली आणि त्यातून आपले धुनउगम राग काढले. तिथेही कोणीतरी अंगणात गुणगुणलेले चार सूर होते आणि पुढचं एका मोठ्या माणसाच्या डोक्यातलं. फरक एवढाच, कुमारजींनी नावातच सांगून टाकलं की उगम धून आहे. तुझ्या आजीची गाणी मात्र लवकर मोबाइलमधे रेकॉर्ड करून ठेव, हे मी काका म्हणून सांगतोय, कॉलमवाला म्हणून नाही.

प्रश्न: माझी मुलगी आठवीत, शाळेच्या क्वायरमधे आहे. मॅडमनी यंदा 'कॉव्हेंट्री कॅरल' बसवायला घेतलंय, तुम्ही लिहिलेल्या रेकॉर्डमधेही आहे म्हणून तेच ऐकून ती घरी म्हणत असते. चाल फार गोड आहे. पण तिने अर्थ सांगितला आणि सासूबाईंनी कानावर हात ठेवले. राजा लहान बाळांना मारायला निघालाय आणि आया पाळणा म्हणतायत! सासूबाई म्हणतात सणाच्या दिवशी असलं अभद्र कशाला, घरात नातू आहे तान्हा, दिवेलागणीला तरी म्हणू नकोस. मला काय बोलावं कळेना. (एक आई, रामबाग)

उत्तर: ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, चाल ऐकून अर्थ न विचारणारे ढीगभर असतात, तुम्ही विचारलात, तुमचा कान शाबूत आहे.

आता त्यांना एकच गोष्ट विचारा. गोकुळाष्टमीला रात्री बारा वाजता राजवाड्याजवळच्या गोपाळ मंदिरात आपण पाळणा हलवतो, जो बाळा जो जो म्हणतो, सुंठवडा खातो. त्या रात्रीची पूर्ण गोष्ट काय आहे? कंसाने बहिणीची आधीची लेकरं आपटून मारलीत. हे बाळ टोपलीत घालून भर पुरातून पलीकडे नेलंय. आपण पाळणा म्हणतो तेव्हा मथुरेत काय चाललंय हे आजीला माहीत असतं, तरी ती म्हणते, उलट त्यामुळेच जरा जास्त हळू म्हणते. हेरोद राजाची गोष्ट तीच. कोणी सांगितलं की नवा राजा जन्मलाय, याने हुकूम काढला की बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतले सगळे मुलगे मारून टाका. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन रातोरात मिसर देशात गेले. ते वाचलं. बाकीच्या घरातल्या आयांचं काय, तर त्यांचं हे गाणं आहे.

कॉव्हेंट्री हे इंग्लंडमधलं गाव, तिथे कापड कातरणारे आणि शिंपी यांची एक धंद्याची संघटना होती, ते दर वर्षी रस्त्यावर गाडीवर नाटक करायचे, बायबलच्या गोष्टींचं. आपल्या दशावतारासारखं समजा. सैनिक यायच्या आधी तीन आया आपापल्या बाळाला झोपवतात, उगी राहा रडू नको म्हणतात, कारण रडलं तर सापडेल. शब्द 1534 मधे उतरवून घेतलेले मिळतात, चाल 1591 ची. (आपल्याकडे नामदेव शिंपी, तिकडेही गाणं जपलं ते शिंप्यांनीच, काय ते कात्री-सुईत असतं देव जाणे.)

मुलीला एक गोष्ट नीट ऐकायला सांगा. पूर्ण चालीत कोमल गंधार आहे, म्हणून ती उदास वाटते. पण जुन्या तीन आवाजांच्या मांडणीत कडवं संपतं तिथे, शेवटच्या स्वरमेळात, एकदम शुद्ध गंधार उगवतो. एक क्षण. देवघरात समई लावल्यावर भिंत जशी दिसते तसं. आणि लगेच पुढचं कडवं, परत कोमल. क्वायरमधे ज्या आवाजाकडे तो गंधार असेल त्याने तो दाबून घालवू नये, आणि ओरडूनही लावू नये, एवढं जमलं की गाणं जमलं.

आता हे अभद्र का नाही ते सांगतो. 1940 च्या नोव्हेंबरात जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर एका रात्रीत बॉम्ब टाकले, गावातलं जुनं कॅथीड्रल नुसत्या भिंती उरल्या. सव्वा महिन्याने नाताळ आला. बीबीसीने त्या दिवशी त्या पडक्या भिंतींमधूनच प्रक्षेपण केलं आणि तिथे गायलं गेलं ते हेच गाणं, ज्या गावाचं होतं त्याच गावात. दुसरं कुठलं गाणार होते? आनंदाच्या घंटा?

आणि जोन बाएझचं तर पुढे काय झालं बघा. 66 मधे तिने हे स्टुडिओत बसून गायलं, जुन्या वाद्यांच्या संगतीत. सहा वर्षांनी, 1972 च्या डिसेंबरात ती व्हिएतनाममधे हनोईला गेली, तिथल्या कैदेत असलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी नाताळची पत्रं घेऊन. ती तिथे असतानाच तिच्याच देशाने हनोईवर नाताळातली ती बाँबफेक सुरू केली. हॉटेलच्या तळघरात सायरन झाला की सगळे जाऊन बसायचे, ही तिथे गायची, आणि एक छोटा टेपरेकॉर्डर होता तो चालू ठेवायची. सकाळी बाहेर पडली तर पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यावर एक बाई फिरतेय आणि गाण्यासारखा हेल काढून काहीतरी म्हणतेय. भाषा कळेना. सोबतच्या माणसाने अर्थ सांगितला, की माझ्या लेका, तू आता कुठे आहेस रे, असं म्हणतेय ती. पुढच्या वर्षी जोनने त्या टेपांची तबकडी काढली, एक अख्खी बाजू तेवढीच, सायरन, बाँब, तळघरातली हसणी-गाणी आणि हा प्रश्न. तबकडीला नावही त्याच वाक्याचं दिलं, 'व्हेअर आर यू नाऊ, माय सन'. मी ती एकदाच पूर्ण ऐकलीय. नोएल दर वर्षी ऐकतो, आणि ते कॉव्हेंट्रीचं गाणं लागलं की हटकून ती बाई आठवते.

दिवेलागणीचं म्हणाल तर सासूबाईंचं ऐका, घरात तान्हं आहे, त्यांच्या मनाला लागत असेल तर दुपारी म्हणावं मुलीने, काय बिघडतं. फक्त गाणं सोडू नका. आणि एक करून बघा, मुलीचं म्हणून झालं की आजींना त्यांचा पाळणा म्हणायला लावा. दोन्हींची लय जवळजवळ सारखी निघेल, पाळण्याची दोरी एकाच वेगाने ओढतात ना सगळीकडे.

प्रश्न: काका, त्या अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनने पण क्रिसमस अल्बम काढलाय म्हणे? माझा रूममेट म्हणतो दारू प्यालेले आजोबा गातायत असं वाटतं. खरं का? (विजय नगर)

उत्तर: खरं आहे भिया, आणि तरी ऐक. 2009 चा 'ख्रिसमस इन द हार्ट'. डिलन ज्यू घरातला, आवाज तोपर्यंत खडीच्या रस्त्यावरून टेम्पो जावा तसा झालेला, आणि मागे कोरस अगदी चाळीस-पन्नास सालच्या रेडिओसारखा गुळगुळीत. लोकांना वाटलं चेष्टा करतोय. मला नाही वाटत, मला वाटतं त्याला ती लहानपणीची गाणी मनापासून आवडत होती आणि आवाज होता तो घेऊन तो गायला. 'मस्ट बी सांता' लाव, अ‍ॅकॉर्डियनवर पोल्का नाचाची धावती चाल, गणपतीच्या मिरवणुकीत बँडवाला तंद्रीत आला की कसं होतं तसं. या अल्बमची त्याची रॉयल्टी भुकेलेल्यांना जेवण देणाऱ्या संस्थांना जाते, अमेरिकेत कायमची. ते ऐकल्यावर आजोबांना थोडं माफ करता येतं. जोन बाएझनेच 63 च्या सुमाराला त्याला आपल्या मैफिलीत स्टेजवर बोलावून बोलावून लोकांपुढे आणलं होतं, तेव्हाही लोक म्हणायचे की बाई छान गाते, हा घोगरा कशाला.

प्रश्न: आपल्या मराठी मासिकात, तेही इंदूरसारख्या अहिल्यादेवींच्या नगरीतल्या, विलायती सणाच्या गाण्यांना जागा द्यायचं प्रयोजन काय? आपल्याकडे गाणी कमी पडली? (एक जुना वर्गणीदार)

उत्तर: गाणी कमी पडली नाहीत साहेब, वर्गणी वेळेवर येत राहो. पण विलायती म्हणताय तर दोन गोष्टी. गोव्यात फादर स्टीफन्सनी मराठीत ओव्या रचून ख्रिस्तपुराण लिहिलं ते 1616 मधे छापून झालं, तेव्हा इंदूर हे शहर म्हणून कोणाच्या गावी नव्हतं. आणि आपले ना. वा. टिळक, कोकणातल्या करजगावचे चित्पावन, 1895 मधे ख्रिस्ती झाले. चर्चमधे इंग्रजी चालीवर ठोकून बसवलेली भाषांतरं गायची सोडून त्यांनी अभंगात, ओवीत भजनं लिहिली, टाळ घेऊन म्हणता येतील अशी. 'ख्रिस्तायन' अर्धं राहिलं ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, त्याच 'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाई, ज्यांचं पुस्तक तुमच्या कपाटात नक्की असणार. नाताळ मराठीत यायला कोणाची परवानगी लागली नव्हती.

आणि इंदूरचंच म्हणाल तर लाल चर्च, व्हाइट चर्च हे पत्ते रिक्षावाल्याला सांगून आपण रोज फिरतो. ख्रिश्चन कॉलेज 1887 पासून इथे आहे, किशोरकुमार तिथेच शिकला, हे तर तुम्हीच कुठल्याशा कार्यक्रमात अभिमानाने सांगितलं असेल. नाराज होऊ नका, जानेवारीत हुरड्याच्या गाण्यांवर लिहिणार आहे.

प्रश्न: आमच्या टाउनशिपमधे 24 ला रात्री छोटा कार्यक्रम आहे. आम्ही चार पेन्शनर आणि दहा-बारा पोरं. पेटी आहे, गिटार वाजवणारा एक मुलगा आहे. जिंगल बेल्स सोडून काही सोपं सांगाल का, पेटीवर बसेल असं? (निपानिया)

उत्तर: जिंगल बेल्स सोडताय ते बरंच करताय, 1857 चं घसरगाडीच्या शर्यतीचं गाणं आहे ते, त्यात नाताळचा न सुद्धा नाही. पोरं तरी म्हणतीलच, म्हणू द्या शेवटी.

तुम्ही 'सायलेंट नाइट' घ्या. नोएलमधे पण शेवटी तेच आहे. ते मुळात गिटारचंच गाणं आहे हे फार जणांना माहीत नसतं. ऑस्ट्रियात साल्झबर्गजवळ ओबर्नडॉर्फ गाव, 24 डिसेंबर 1818 ची रात्र. शब्द पाद्री योझेफ मोर यांचे दोन वर्षं आधी लिहिलेले, चाल बसवली शाळामास्तर फ्रांत्स ग्रूबर यांनी, आणि दोघं मिळून गायले, मोर यांच्या हातात गिटार. चर्चच्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली अशी गोष्ट सांगतात, ती मागाहून जोडलेली. (तुमच्या पेटीचा भाता मात्र आधी तपासा, माझ्या पेटीचा खरंच कुरतडला होता, उंदराने नाही झुरळांनी.)

सूर असे. प ध प ग, प ध प ग, मग वरचा रे रे नि, वरचा सा सा प. पुढे ध ध सा नि ध, प ध प ग, हे दोनदा, यातला सा पण वरचाच. सगळे शुद्ध, बिलावल. अडचण एकच जागी येते, शेवटून दुसऱ्या ओळीत आवाज तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत जातो आणि शेवट खाली मध्य षड्जावर. दीड सप्तकाचा पल्ला झाला. पांढरी एकला सा धरलात तर पोरं वर किंचाळतील आणि पेन्शनर खोकतील. खाली काळी पाचला घ्या, नाहीतर पांढरी सहाला, आणि त्या वरच्या जागेला पेन्शनरांनी गप्प बसावं, पोरांना एकट्यांना गाऊ द्यावं, ऐकायलाही तेच छान लागतं.

ठेका दादरा, सहा मात्रा. पण तबला नको. तबला आला की वाजवणाऱ्याला तिहाई सुचते आणि मग झोपलेलं बाळ उठतं. मांडीवर हलकी थाप पुरे. गिटारवाल्या मुलाला तीन कॉर्ड लागतील, त्याला यूट्यूबवर दोन मिनिटात मिळतील. दिवे थोडे कमी करा, लाउडस्पीकर लावू नका, आणि गराडू गाणं झाल्यावरच तळायला घ्या, आधी वास सुटला तर पहिल्या कडव्यानंतर तुमच्यासमोर एकही पोर उरणार नाही.